रुक्मिणी कोणाच्या हातची?

१९६७ या एकाच वर्षात मराठी वाचकाला दोन कर्ण मिळाले. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन्ही पुस्तके त्या वर्षीची. सावंतांचा कर्ण तेजस्वी, दानशूर, जन्मभर अन्याय सोसणारा सूर्यपुत्र आहे. इरावतीबाईंचा कर्ण 'मी कोण?' या प्रश्नात अडकलेला आणि त्यापायी चुकत गेलेला माणूस आहे. भर द्यूतसभेत द्रौपदीची अब्रू शब्दांनी काढणारा, तिचे वस्त्र उतरवायला सांगणारा महाभारतातला कर्ण दोघांनीही वाचलेला होता. एकाने त्याचे वकीलपत्र घेतले, दुसरीने उलटतपासणी केली. आज अमरावतीत किंवा अकोल्यात दहा जणांना कर्णाबद्दल विचारा. बहुतेकांच्या तोंडून सावंतांचाच कर्ण बोलेल, आणि सांगणाऱ्याची मात्र समजूत असेल की तो व्यासांच्या कर्णाबद्दल सांगतो आहे.

योगायोग असा की अनंत पै यांनी इंडिया बुक हाउसमध्ये 'अमर चित्रकथा' उभी केली तीही १९६७ च्याच सुमारास. कादंबरी आणि चिकित्सा एकीकडे राहिली, आणि पुढच्या दोन पिढ्यांतल्या शाळकरी पोरांचे पुराण बत्तीस पानांच्या रंगीत अंकांतून घडले. हा लेख त्या अंकांविरुद्ध नाही. मी ते आवडीने वाचलेले आहेत. प्रश्न वेगळा आहे: एकाच पात्राची नीती पिढ्यानुपिढ्या वेगवेगळे लेखक बदलत जातात, तेव्हा त्या बदलाचा हिशेब कोण ठेवतो? वऱ्हाडातल्या माणसाने हा प्रश्न दुसऱ्या कोणाकडे ढकलू नये. या प्रश्नाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात बोलका दाखला तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूरला आहे.

रुक्मिणी आमच्याकडची लेक. आषाढीला तिच्या माहेराहून पंढरपूरला पालखी जाते, आणि ही परंपरा चारशे वर्षांहून जुनी सांगतात. अमरावतीची अंबादेवी आणि कौंडण्यपूरची अंबिका, दोन्ही ठिकाणचे लोक सांगतात की कृष्णाने तिचे हरण इथूनच केले. भांडण देवळाचे आहे तोवर गोड आहे. खरी गुंतागुंत रुक्मिणीच्या वागण्याची आहे, आणि ती समजायला पोथ्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

विष्णुपुराणात ही कथा एका छोट्या अध्यायात आटोपते. कृष्णाला रुक्मिणी हवी आहे, तिलाही तो हवा आहे, भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्ण तिला उचलून नेतो. विवाहाचा प्रकार तिथे उघड सांगितला आहे: राक्षसविवाह. म्हणजे जबरीने पळवून केलेले लग्न. तिचे मन आहे, पण तोंड नाही. भागवतकाराने इथे हात घातला. त्याने एक ब्राह्मण द्वारकेला पाठवला आणि त्याच्याजवळ रुक्मिणीचा निरोप दिला, तोही सविस्तर. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नववधू नगराबाहेर जाते, तिथून मला न्या, म्हणजे माझ्या घरच्यांना मारावे लागणार नाही, असा तो बेत आहे. 'राक्षस' हा शब्द भागवतातही आहे, पण आता तो मुलीच्या तोंडी आहे. जबरीचे नाव तेच राहिले आणि त्यामागची संमती तिची झाली. संस्कृत वाङ्मयात नायिकेने स्वतःच्या हरणाची वेळ, जागा आणि कारण ठरवून दिल्याची इतकी चोख उदाहरणे थोडी सापडतील.

एवढ्यावरून एक गोष्ट मान्य करावी लागते. नंतरच्या लेखकाने केलेला बदल म्हणजे मुळाचा बिघाड, हा समज टिकत नाही. इथे नंतरच्या हाताने पात्राला अधिक न्याय दिला. 'मूळ कथेला धक्का लावू नका' म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी कोणते मूळ ते सांगावे. निरोप नसलेले की असलेले?

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने 'रुक्मिणी स्वयंवर' रचले. त्याबद्दल पंथात एक आख्यायिका सांगतात. देवगिरीच्या रामदेवराव यादवाला ते काव्य इतके आवडले की ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, ग्रंथ माझ्या नावाने कर, असे तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला, कारण कवींच्या कुळाला त्याने बोल लागला असता. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण तिने सांभाळलेली जाणीव मोलाची आहे: कथा सगळ्यांची असली तरी ही रुक्मिणी माझ्या हातची आहे, हे कवीने सांगितलेच पाहिजे, आणि त्या सांगण्याला किंमत लावता येत नाही.

एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत आपले 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केले. त्यांनी रुक्मिणीला आणखी एका पायरीवर नेले. जीव आणि शिव यांचे लग्न, असा अर्थ तिथे आला. बंडखोर मुलगी आता भक्तीची खूण झाली. नाथांनी हे लपवले नाही. ते काय करत आहेत ते ओव्यांतून स्वच्छ दिसते. घोटाळा झाला तो वाचणाऱ्यांच्या घरांत. मुलीचे लग्न जमत नाही, तर रुक्मिणी स्वयंवराचे पारायण कर, असा सल्ला मराठी घरांत पिढ्यानपिढ्या दिला गेला. बापाच्या घरात भावाने ठरवलेले स्थळ नाकारणाऱ्या, परक्या राजाला निरोप धाडणाऱ्या, देवळातून रथात बसून निघून जाणाऱ्या मुलीची पोथी कशासाठी वाचायची? तर घरच्यांनी ठरवलेले स्थळ लवकर यावे यासाठी! असली उलटापालट कुठल्या एका लेखकाने केलेली नाही. कोणाचाच हात त्यात दिसत नाही, आणि म्हणून तिच्यावर कोणी बोटही ठेवत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयात मुलींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली, आणि ती बातमी देशभर गेली. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, हेही त्या शपथेत होते. तेवढा भाग चांगला होता, हे सांगायला हवे. पण चांदूर रेल्वे आणि कौंडण्यपूर एकाच जिल्ह्यात, शेजारशेजारच्या तालुक्यांत आहेत. जिथून रुक्मिणीची पालखी निघते त्या परिसरातल्या मुलींना स्वतः नवरा न निवडण्याची शपथ घ्यायला लावताना कोणाला अडखळायला झाले नाही, कारण देवी झालेल्या रुक्मिणीने काय केले होते ते आता कोणाच्या ध्यानात नाही. मूर्ती जपली, कृत्य विसरले.

रुक्मीचे तर याहून वाईट झाले. चित्रकथेत आणि मालिकेत त्याच्या वाट्याला जे येते ते ठरलेले: भुवया चढलेल्या, मिशीला पीळ, बहिणीवर ओरडणारा भाऊ. कथा पुढे सरकायला खलनायक लागतो आणि तो हाताशी असतो. भागवतातला रुक्मी वाचला की मात्र वाचणारा थांबतो. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे आपल्या कौंडण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो पाठलागावर निघतो आणि हरतो. कृष्ण तलवार उगारतो तेव्हा रुक्मिणी त्याच्या पायांवर पडते. मग कृष्ण त्याला जिवे न मारता त्याचे केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरून त्याला विद्रूप करतो. आणि इथे बलराम कृष्णाला खडसावतो: सोयऱ्याला असे विद्रूप करणे म्हणजे त्याला मारल्यासारखेच आहे. देवाच्या अवताराला त्याचा मोठा भाऊ, युद्ध जिंकल्याच्या क्षणी, शत्रूच्या अपमानाबद्दल बोल लावतो. भागवतकाराला हे गाळता आले असते. त्याने ते ठेवले.

प्रतिज्ञा मोडली म्हणून रुक्मी घरी परतत नाही. भोजकट नावाचे नवे नगर वसवून तिथेच राहतो. अमरावतीजवळचे भातकुली म्हणजेच ते भोजकट, अशी आपल्याकडची समजूत आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या अचलपूर भागातल्या चम्मक ताम्रपटात 'भोजकट राज्य' असा उल्लेख येतो, तेव्हा नाव तरी इथल्या मातीतलेच आहे. हरल्यावर घर सोडणारा, शब्दाखातर परागंदा होणारा खलनायक किती कथांत भेटतो? पुढे हाच रुक्मी बहिणीच्या प्रेमाखातर आपली मुलगी कृष्णाच्या मुलाला, प्रद्युम्नाला देतो. नातही प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला देतो. भारतीय युद्धापूर्वी अक्षौहिणी सेना घेऊन तो पांडवांकडे येतो आणि 'भीत असाल तर मी आहे' अशा तोऱ्यात मदत देऊ करतो. अर्जुन ती नाकारतो. मग तो दुर्योधनाकडे जातो, तोही नाकारतो. एवढ्या मोठ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी नकोसा झालेला हा राजा वऱ्हाडचा आहे, आणि आमच्या पोट्ट्यांना तो ठाऊक आहे फक्त 'रुक्मिणीचा दुष्ट भाऊ' म्हणून.

शेवट तर आणखी अवघड आहे. अनिरुद्धाच्या लग्नात रुक्मी बलरामाला फाशांच्या खेळाला बसवतो, लबाडी करतो, वर 'तुम्ही गुराखी, तुम्हाला फासे काय कळतात' म्हणून डिवचतो. बलराम चिडून त्याला ठार मारतो. ज्याने एकदा याच माणसाच्या अपमानाबद्दल कृष्णाला सुनावले होते, त्याच्याच हातून, भर मांडवात, हा वध होतो. आणि कृष्ण? तो चांगलेही म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. बायको आणि भाऊ दोघांपैकी कोणाचेही मन मोडू नये म्हणून देव गप्प बसतो. भागवतकाराने हे एका श्लोकात सांगितले आणि पुढे गेला. कोणती चौकट हे गप्प बसणे दाखवील? चित्रात गप्प बसलेला माणूस नुसता उभा दिसतो.

इथे चित्रकथेच्या घडणीकडे यावे लागते. बत्तीस पाने, पानाला पाच-सहा चौकटी, फुग्यात मोजके शब्द. वाचणारा दहा-बारा वर्षांचा. एवढ्या जागेत कथा बसवायची तर कारणे गळतात आणि कृती उरते. शिवाय चित्राला 'कदाचित' म्हणता येत नाही. पोथीत 'असे म्हणतात' लिहिता येते, कीर्तनात बुवा दोन पाठ सांगून श्रोत्यांवर सोपवू शकतो, पण चित्रकाराला चेहरा काढावाच लागतो, आणि चेहरा काढला की निकाल लागला. अनंत पै यांना याची जाण होती. 'कृष्ण' या अंकात, ज्याची चित्रे राम वाईरकरांची होती, चमत्कार दाखवताना त्यांनी सुरुवातीला हात आखडता घेतला होता. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो मोकळा सोडला. म्हणजे एकाच प्रकाशनात, एकाच संपादकाच्या हाताखाली, काही वर्षांच्या अंतराने कृष्ण बदलला. पहिला अंक ज्याने वाचला आणि दुसरा ज्याने वाचला, ते दोघे आज एकाच घरात बाप आणि लेक म्हणून नांदत असतील. फरक कुठे पडला ते दोघांनाही माहीत नसेल.

असे बदल पुराणातल्या पात्रांपुरतेच नाहीत. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये, १९६४ पासून, वेताळ येऊ लागला. ली फॉकचा हा नायक १९३६ मधला: आफ्रिकी-आशियाई जंगलात पिढ्यानपिढ्या राज्य करणारा गोरा माणूस. त्याच्या मूळ कथेतले समुद्री चाचे 'सिंग' होते. भारतीय आवृत्तीत ते 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाचा खुनी 'रामा' होता, तो 'रामालू' झाला. 'बेंगाली'चे 'डेंकाली' झाले. एखादे अक्षर इकडे, एखादे तिकडे, आणि आमच्यावर चाबूक उगारलेली गोष्ट आमच्या मुलांची आवडती झाली. संपादकाने आपल्या वाचकाची लाज राखली, असे म्हणता येईल. पण गोऱ्या माणसाने काळ्या लोकांना न्याय शिकवायचा, हा सांगाडा जसाच्या तसा राहिला, आणि नावे बदलल्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. बदल दाखवला असता तर निदान प्रश्न विचारला गेला असता.

हिंदी सहज कळणाऱ्या वऱ्हाडात राज कॉमिक्सलाही वाचक होता. १९८६ चा पहिला नागराज परशुराम शर्मांनी लिहिला, चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांची. तेच मुळीक, ज्यांनी अमर चित्रकथेसाठी कितीतरी अंक काढले. तो पहिला नागराज नायक नव्हताच. प्रोफेसर नागमणीने प्रयोगशाळेत तयार केलेले, दहशतवाद्यांना भाड्याने द्यायचे हत्यार होता तो. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातले नियंत्रण काढतात आणि मग तो वाट बदलतो. काही वर्षांनी अनुपम सिन्हांच्या हातात हे पात्र गेले. त्यांनी त्याला शहर दिले, नोकरी दिली, गुप्त ओळख दिली, आणि जन्मकथाही दिली: नागराज आता एका राजाचा मुलगा, देवाच्या वरदानाचा धनी. कथा अधिक भव्य झाली यात शंका नाही. पण नीतीच्या अंगाने पाहिले तर काय झाले? आधीचा नागराज चांगला होता कारण तो बदलला होता. नंतरचा चांगला आहे कारण तो मुळातच थोर कुळातला आहे. पश्चात्तापाची जागा रक्ताने घेतली.

ही ओढ मला फार धोक्याची वाटते, कारण ती एकट्या नागराजापुरती नाही. कर्णाच्या लोकप्रिय रूपातही हेच आहे. सूताच्या घरी वाढलेल्या माणसाचे कर्तृत्व आपल्याला पुरत नाही. तो सूर्याचा मुलगा निघाला की आपल्याला हायसे वाटते, आणि मग त्याने सभेत काय म्हटले ते आपण विसरायला तयार होतो. जन्माने पात्राची नीती ठरवायची सवय मुलांना कथेतून लागते. मोठेपणी ती माणसांना लावायला वेळ लागत नाही.

अमेरिकेत पात्र बदलत नेण्याचा हा प्रकार उद्योग म्हणून चालतो. १९३९ चा बॅटमॅन पिस्तूल बाळगत असे आणि माणसे मारतही असे. वर्षभरात संपादकांनी हुकूम काढला की नायक मारणार नाही. १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली आणि बॅटमॅन जवळजवळ शाळामास्तर झाला. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने त्याला म्हातारा, कडवट आणि क्रूर केले. प्रत्येक वेळी नाव तेच, मुखवटा तोच. आणि ज्या बिल फिंगरने पहिल्या कथा लिहिल्या, त्याचे नाव निर्मात्यांत यायला २०१५ उजाडले. तोवर श्रेय एकट्या बॉब केनच्या नावावर होते. नरेंद्राने ज्याला नकार दिला ते तिथे करारात लिहून घेतले गेले होते.

पण वाचकाच्या बाजूने काय होऊ शकते याचा इशारा पनिशर देतो. जेरी कॉनवेने १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या कथेत त्याला आणले ते विरोधक म्हणून. कुटुंब मारले गेले म्हणून कायदा बाजूला सारून गुन्हेगारांना ठार करत सुटलेला माणूस. पुढच्या लेखकांनी त्याला स्वतःची मासिके दिली, त्याचे दुःख खोल केले, त्याच्या बंदुकीला डौल दिला. मग एक दिवस त्याच्या छातीवरची कवटी अमेरिकी सैनिकांच्या गाड्यांवर आणि पोलिसांच्या गणवेशावर दिसू लागली. कॉनवेने जाहीर निषेध केला: कायदा राबवणाऱ्याने कायदा मोडणाऱ्याची खूण मिरवणे ही व्यवस्थेची हार आहे, असा त्याचा मुद्दा होता. उपयोग फारसा झाला नाही. पात्र त्याच्या हातातून केव्हाच गेले होते. आपल्याकडे गाड्यांच्या काचांवर कुठल्या देवाचा कोणता चेहरा कोणत्या भावाने चिकटवलेला असतो, ते अमरावतीच्या राजकमल चौकात दहा मिनिटे उभे राहून पाहावे. हसरा, शांत चेहरा हल्ली कमी दिसतो. तो कोणी बदलला? नाव सांगता येणार नाही.

पोथी आणि कॉमिक यांत आणखी एक फरक आहे, तो फारसा बोलला जात नाही. आख्यान संपते. रुक्मी मरतो, यादवही आपसांत लढून संपतात, कृष्णालाही बाण लागतो. संपण्यामुळे प्रत्येक कृत्याचे देणे कुठेतरी फिटते. मासिक कॉमिक संपू शकत नाही, कारण ते संपले की धंदा संपला. मग नायकाने केलेले पाप पुढच्या लेखकाला अडचणीचे होते, आणि तो ते पुसून टाकतो: ते स्वप्न होते, तो दुसराच कोणी होता, कोणी त्याच्या मनाचा ताबा घेतला होता. नलानेही दमयंतीला रानात टाकले तेव्हा कलीने त्याला पछाडले होते, हे खरे. पण त्या कथेत दमयंती, तीही विदर्भाचीच, त्याला सहजासहजी सोडत नाही. दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून ती त्याला ओढून आणते आणि समोर बसवून जाब विचारते. पुसण्याआधी विचारणे, एवढे तरी तिथे आहे.

हल्ली पात्रांची पळवापळवी प्रदेशांच्या पातळीवरही सुरू आहे. अरुणाचलातल्या इदू मिशमी लोकांत रुक्मिणी त्यांची मानली जाते. भीष्मकनगर तिथे आहे. त्यांच्यातल्या केस कापण्याच्या पद्धतीचा संबंध कृष्णाने रुक्मीचे केस भादरल्याशी जोडतात. २०१८ पासून गुजरातच्या पोरबंदर जिल्ह्यातल्या माधवपूरच्या मेळ्यात ही अरुणाचली रुक्मिणी शासकीय थाटात मिरवते. वऱ्हाडात त्यावर राग व्यक्त होतो: आमची लेक पळवली. मला त्या रागात फारसे तथ्य दिसत नाही. एका जमातीने पराभूत रुक्मीची खूण आपल्या डोक्यावर अभिमानाने वागवावी, हे कथेचे केवढे मोठे रूप आहे! आमच्या भातकुलीत रुक्मीच्या बाजूने एक शब्द बोलायला कोणी आहे का? आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळा घ्यावा: एका लोककथेला सरकारी शिक्का मारून बाकीच्या कथांना खोटे ठरवू नये. शिक्का अरुणाचलचा असो की महाराष्ट्राचा.

आता हे सगळे फोनवर आले आहे. यंत्राने काढलेली रुक्मिणी, यंत्रानेच दिलेला आवाज, खाली 'सत्यकथा' असा मथळा, अर्ध्या मिनिटात निकाल. अमर चित्रकथेच्या पहिल्या पानावर निदान लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव असे. इथे नाव नाही, ग्रंथ नाही, कोणती आवृत्ती धरली ते नाही. हे बनवणाऱ्याला कदाचित स्वतःलाही ठाऊक नसते की त्याने काय बदलले. पूर्वी पात्राची नीती बदलायला एक नरेंद्र, एक नाथ, एक सावंत लागत असे, आणि त्यांच्याशी भांडता येत असे. ज्याला कर्ताच नाही अशा कथेशी भांडायचे कसे? तिला फक्त मानता येते किंवा पुढे ढकलता येते. लोक बहुधा पुढे ढकलतात. आणि ज्या मुलाने तीसेक सेकंदांत रुक्मीला दुष्ट म्हणून पाहिले, त्याला बलरामाचा तो खडसावणारा प्रसंग कधी कळणारच नाही. शत्रूचाही अपमान करू नये, ही गोष्ट त्याच्या धर्मकथेत होती, हे त्याला कोणी सांगणार नाही.

यावर उपाय परका नाही. तो मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला, सातशे वर्षांपूर्वी सापडलेला आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या साक्षीदारांकडे फिरून, विचारून. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि आठवणीतून पुन्हा बांधावी लागली, तेव्हा महानुभावांनी आठवणींतले फरक बुजवले नाहीत. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, हे त्यांनी मजकुरातच खुणा करून ठेवले. आपल्या देवाच्या चरित्रात, जिथे एकच पाठ ठरवून टाकणे सगळ्यात सोपे होते, तिथे त्यांनी शंका शाबूत ठेवली. श्रद्धा त्याने कमी झाली नाही. पंथ आजही उभा आहे.

मराठीत मुलांसाठी पुराणकथांची चित्रपुस्तके काढणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने पहिल्या पानावर चार ओळी छापाव्यात: कोणता ग्रंथ धरला, काय गाळले, काय घातले, कोणी लिहिले. अमरावती-अकोल्यातल्या शिक्षकांनी वर्गात रुक्मिणीची एक नव्हे, दोन रूपे वाचून दाखवावीत आणि फरक मुलांना शोधू द्यावा. सातवीतले पोरगेही तो शोधते. आणि रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याने पाठभेदांचे जाडजूड ग्रंथ जरूर काढावेत, पण त्याआधी एक बत्तीस पानांचे रंगीत पुस्तक काढावे, रुक्मीवर. त्यात केस भादरणारा कृष्ण असावा, त्याला बोल लावणारा बलराम असावा, फाशांत लबाडी करणारा रुक्मीही असावा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी हा प्रसंग कोणाच्या हातचा, ते लिहिलेले असावे.